उंच स्टूल आणि बैठी फुले

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला काळजी वाटावी असे माझ्यात काही नाही. मी एक जुने लाकडी स्टूल आहे. चार पाय, ते फाकू नयेत म्हणून चार आडव्या पट्ट्या, आणि वर ताटाएवढी गोल बैठक. काळजी आहे ती माझी मलाच. मी उंच आहे, आणि त्या उंचीपायी एकदा असे काही घडत गेले, की ते आठवले म्हणजे आजही माझे सांधे आवळून येतात. तेच सांगायला तुमच्यासमोर बसले आहे. म्हणजे उभेच आहे. मला बसता कुठे येते.

माझा जन्म सुताराच्या अंगणातला, पण मला घडवले ते एका टेबलाच्या मापाने. आमच्या शहराच्या पाण्याची टाकी एका टेकाडावर आहे. टाकीच्या पायथ्याशी पाणीपुरवठ्याचे कार्यालय, आणि कार्यालयात अगदी शेवटी पाणी तपासायची खोली. तिथले फरशीचे टेबल छातीएवढे उंच होते. साध्या खुर्चीवर बसले की माणसाची हनुवटी टेबलाला टेकायची. सुताराने टेबल मोजले, नव्यानेच कामाला लागलेल्या तपासनीस बाईंकडे पाहिले आणि म्हणाला, की टेबल काही खाली यायचे नाही, तेव्हा बाईंनाच वर चढवायला हवे. मग त्याने मला दीड हात आणि वर चार बोटे उंच केले. रंधा मारला, तेल पाजले, कडा घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की बाईंच्या कपड्याचा एक धागाही माझ्यात कधी अडकला नाही.

तेव्हापासून मी बाईंचे. बाई सकाळी येत, खिडकी उघडत, माझ्यावर बसत आणि कामाला हात घालण्याआधी दोन क्षण डोळे मिटत. ओठ हलत, पण आवाज येत नसे. मग काचेच्या नळ्यांत पाणी भरून उजेडापुढे धरायचे, रंग पाहायचा, वहीत लिहायचे. पाण्यात काही आढळले नाही तरी ‘काही आढळले नाही’ असे पूर्ण वाक्य त्या लिहीत. नुसती रेघ मारून त्यांनी कधी वेळ मारून नेली नाही. शिपाईमामा गमतीने म्हणायचे, की बाईंच्या वहीत माशी बसली तर तिचीही नोंद होईल.

आणि खरोखरच माश्यांची नोंद बाईंकडे आली. टाकीच्या मागे उतरणीवर मोठा गवताचा माळ आहे आणि माळाच्या खाली काकडी-भोपळ्याच्या वाड्या. एका वर्षी वेलींना फुले भरपूर आली पण फळ धरेना. वाडीवाले कार्यालयात आले आणि म्हणाले, तुम्ही माळावरचे गवत वेळीअवेळी कापता, फुले जातात, फुलांवरचे कीटक जातात आणि मग आमच्या वेलींकडे कुणी फिरकत नाही. त्या दिवसापासून दरवर्षी फुलांच्या हंगामात बारा दिवस माळावर मोजणी करायची असे ठरले. कोणत्या उंचीच्या फुलावर दहा मिनिटांत किती कीटक येतात, ते पाहायचे. एवढा धीर कार्यालयात एकाच माणसाला होता.

बाईंनी फुलांचे दोन गट पाडले. माळाच्या वरच्या पट्ट्यात कमरेएवढ्या देठांची पिवळी फुले होती. त्यांना बाई ‘उंच मंडळी’ म्हणत. खालच्या पट्ट्यात जमिनीला टेकून, गवताच्या बुडाशी उमलणारी निळी फुले. ती ‘बैठी मंडळी’. उंच मंडळी लांबूनच दिसतात, त्यामुळे मोठ्या मधमाश्या आणि फुलपाखरे त्यांच्याकडे धाव घेतात. बैठ्यांकडे येणारे पाहुणे निराळे. तिळाएवढ्या काळ्या माश्या, ज्या जमिनीलगतच उडतात, गवतातून वाट काढत येतात. कीटक फुलात टेकला तरच ती भेट. नुसती घिरटी घालून गेला तर नाही. बाई मामांना समजावून सांगायच्या, की पाहुणा उंबऱ्यावरून परत गेला तर त्याचा पाहुणचार झाला असे आपण म्हणत नाही ना, तसेच हे.

या मोजणीला बाई गोणपाट घेऊन जात आणि फुलापुढे जमिनीवर बसत. मी खोलीत थांबे. बारा दिवस मला करमत नसे. पण त्या परत आल्या की माळाचे सगळे मामांना सांगत आणि तेवढ्यावर माझेही समाधान होई.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. मग एके दिवशी खोलीत चाकांची खुर्ची आली. काळी, मऊ, खालीवर होणारी. बाईंनी आधी नको म्हटले, पण पाठीला टेका मिळतो म्हटल्यावर त्यांनाही ती सोयीची वाटू लागली. मला हात धुण्याच्या मोरीशेजारी उभे करण्यात आले. माझ्या डोक्यावर आधी साबणाचे डबे, मग बादली. बादलीचे पाणी ठिबकून ठिबकून माझ्या बैठकीवर पांढरे वर्तुळ उमटले. मी काही तक्रार केली नाही. ज्याने उचलून धरायचे काम केले, त्याने बादली तरी का नाही धरावी, असे मनाला समजावले.

मग बाईंचे गुडघे दुखू लागले.

एका वर्षी मोजणीच्या शेवटच्या दिवशी त्या गोणपाटावरून उठेनात. मामांनी हाताला धरून ओढून उठवले. बाई हसल्या, पण त्यांचा चेहरा पडलेला होता. खोलीत परतल्यावर मामांना त्यांनी सांगितले, हे कुणाला बोलू नका. का, ते मामांनी विचारले नाही. मला मात्र कळले. मोजणी हा बाईंचा नेम होता. हंगाम आला की ठरलेल्या घटकेला ठरलेल्या फुलापुढे बसायचे, ऊन असो की वारा. गुडघ्यांचे कळले तर कार्यालय तो नेम दुसऱ्याच्या हाती देईल, ही धास्ती त्यांनी वर्षभर कुणाला दिसू न देता बाळगली.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी बाई मोरीजवळ आल्या, माझ्या डोक्यावरची बादली खाली ठेवली, मला ओल्या फडक्याने पुसले आणि उचलून माळावर नेले. मित्रांनो, तो आनंद काय सांगू? मी आयुष्यात पहिल्यांदा गवत पाहिले. माझे पाय मातीत जरासे रुतले आणि मला वाटले, मी झाड होते तेव्हा असेच काहीसे वाटत असणार.

बाईंनी मला एका बैठ्या फुलाजवळ उभे केले. फुलाशेजारी खुंटी ठोकलेली होती. त्या वर बसल्या, मांडीवर छापील तक्ता घेतला आणि लिहू लागल्या. तारीख. फुलाची उंची चार बोटे. मग तक्त्यात एक रकाना असतो, ‘निरीक्षकाची जागा’. तिथे त्यांनी दरवर्षी लिहीत तेच लिहिले, ‘जमिनीवर बसून’. मुद्दाम नव्हे. हाताला इतक्या वर्षांची सवय होती, हात आपोआप लिहून गेला. मीही तेव्हा आनंदात होते, माझ्याही ध्यानात आले नाही.

त्या वर्षीची मोजणी नेहमीसारखी नव्हती. शहरात नव्या नळवाहिन्या टाकायच्या होत्या आणि त्यांचे मोठाले पाइप ठेवायला कार्यालयाला जागा हवी होती. साहेबांनी माळाकडे बोट दाखवले होते. पण वाडीवाले ऐकेनात. शेवटी असे ठरले, की बाईंची मोजणी होऊ द्यायची आणि दोन पट्ट्यांपैकी ज्यात कीटकांचा वावर कमी, तो यंत्राने सपाट करून तिथे पाइप रचायचे. म्हणजे एक पट्टा जाणारच होता. कोणता, ते बाईंच्या तक्त्यावर ठरणार होते.

पहिल्या दिवशी बैठ्यांच्या रकान्यात शून्य पडले. दुसऱ्या दिवशीही शून्य.

आणि दुसऱ्याच दिवशी मला ते कळले. मित्रांनो, माझे डोळे कुठे आहेत असे विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण माझे सगळे लक्ष पायांत असते, हे नक्की. तिथे, माझ्या पायांच्या मधोमध, गवताच्या बुडाशी, तिळाएवढ्या काळ्या माश्या येत होत्या. एक माझ्या उजव्या पायाला वळसा घालून निळ्या फुलात शिरली. अंगाला पिवळे पीठ फासून बाहेर आली आणि शेजारच्या फुलात गेली. मागून दुसरी आली. मी मोजत राहिले. दहा मिनिटांत सात भेटी. आणि माझ्या डोक्यावर बसलेल्या बाई गवताच्या शेंड्यांकडे बघत शून्य लिहीत होत्या.

बाईंचे काही चुकत होते असे म्हणवत नाही. त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. पण माझ्या उंचीवरून गवताचे शेंडे एकमेकांत मिसळून गोधडीसारखे दिसतात, आणि गोधडीखाली काय चालले आहे ते वरून दिसत नाही. उंच मंडळी मात्र अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर. तिथला एकूण एक पाहुणा त्यांना दिसे. नेम चुकला नव्हता, नेमाची जागा चुकली होती. आणि ती जागा मी होते.

मग माझा जीव थाऱ्यावर राहीना. तिसरा दिवस, चौथा दिवस, शून्य आणि शून्य. मी करकरले. बाईंनी तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडले. मी एका पायावर डुगडुगले. बाईंनी कागदाची घडी करून पायाखाली सारली आणि माझ्या पट्टीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “तुझेही गुडघे गेले का रे बाबा?” त्या इतक्या मायेने बोलल्या की मला अधिकच अपराधी वाटले. देवाने मला चार पाय दिले, तोंड दिले नाही. त्या दिवसांइतके ते मला कधी खटकले नव्हते.

सहाव्या दिवशी दुपारी वारा सुटला. उंच मंडळी वेड्यासारखी डोलू लागली. मोठ्या मधमाश्या टेकायला जात आणि फूल बाजूला झुके, त्या भिरभिरून निघून जात. पण खाली गवतात वारा पोचतच नव्हता. वरचे काही पाहुणेदेखील खाली उतरले. माझ्या पायांपाशी नुसती वर्दळ. बाईंनी तक्त्यात लिहिले, ‘वाऱ्यामुळे दुपारी भेटी नगण्य’.

आठव्या दिवशी त्या मामांशी बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, की गेल्या वर्षी बैठ्यांवर रोज चाळीस-पन्नास भेटी होत्या, यंदा एक नाही. लहान माश्या गेल्या, मामा. आपल्या डोळ्यांदेखत गेल्या आणि आपल्याला कळलेसुद्धा नाही. त्यांनी पदराने डोळे टिपले. माझ्या पायाशी त्या वेळी तीन माश्या होत्या.

दहाव्या दिवशी साहेब स्वतः माळावर आले. साहेब बाईंपेक्षा वयाने लहान, मानाने वागवणारे, पण घाईचे. पाइप निघाले आहेत, यंत्र तेराव्या दिवशी येणार, अंदाज तरी सांगा, म्हणाले. बाईंनी तक्ते चाळले. मन होत नाही म्हणाल्या. पण आकडे स्वच्छ होते, दहा दिवस एकसारखे. शेवटी त्या म्हणाल्या, की खालचा पट्टा घ्या. तासाभरात मामांनी खालच्या पट्ट्याभोवती चुन्याची रेघ ओढली. एक रेघ माझ्या दोन पायांमधून गेली. त्या रेघेवरून एक काळी माशी चालत गेली आणि तिचे पाय पांढरे झाले.

अकराव्या दिवशी बाईंची मोठी बहीण आली. ताई शिवणकाम करायच्या. बाई घाईत जेवणाचा डबा घरी विसरल्या होत्या, तो घेऊन त्या माळावर आल्या आणि येता येताच बोलू लागल्या, की लोकांची माणसे ऑफिसात पंख्याखाली बसतात आणि आमचे येडे उन्हात फुलांची हजेरी घेते. बाईंनी उठून त्यांना माझ्यावर बसायला सांगितले. ताईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“त्या मचाणावर कोण बसेल? तू बस. मला जमीन बरी.”

आणि त्या माझ्या पायाशी फतकल मारून बसल्या. पिशवीतून कुणाचा तरी सदरा काढला आणि काज करू लागल्या. ताईंचे डोळे असे, की पन्नास वर्षे सुईच्या नेढ्यात दोरा ओवून ओवून त्यांना मोठे काही दिसेनासे झाले असेल, पण बारीक सुटत नसे. मी श्वास रोखून धरला. म्हणजे लाकडाला जेवढा रोखता येतो तेवढा.

पाच मिनिटे झाली असतील.

“छोटे, ही बारकी काळी कोण गं? मघापासून सारखी ये-जा चाललीय हिची.”

“मुंग्या असतील, ताई. बोलू नकोस, वेळ लावलाय.”

“मुंग्यांना कधीपासून पंख फुटले? ही बघ, आत शिरली. अंगभर पीठ फासून घेतलंन्. ही दुसरी आली.”

बाईंची पेन्सिल थांबली. “कुठल्या फुलात?”

“हे काय, तू खुंटी ठोकलीस त्याच्यातच. एवढं काज होईपर्यंत पाच येऊन गेल्या.”

बाई माझ्यावरून पुढे वाकल्या. आणखी वाकल्या. माझे मागचे दोन पाय मातीतून उचलले गेले आणि मला धडकी भरली, की आता या पडणार. ताईंनी पटकन माझी पट्टी धरली. बाईंना काही दिसले नव्हते. गवत, म्हणाल्या, मला नुसते गवत दिसते आहे. ताई म्हणाल्या, की तिथून तेवढेच दिसणार, खाली उतर.

बाई उतरल्या. पण गुडघे वाकेनात. त्यांनी माझ्या बैठकीला धरून आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा. तशाच अवघडून राहिल्या. तेव्हा ताई म्हणाल्या, “बसायला कोण सांगतंय तुला? पालथी झोप की. लहानपणी अभ्यासाला झोपायचीस तशी.” आणि छप्पन वर्षांच्या बाई साडीचा पदर खोचून गवतात पालथ्या झोपल्या. त्यांची हनुवटी चुन्याच्या रेघेवर आली.

एक माशी आली, फुलात गेली, बाहेर आली. मग आणखी एक. बाई बोटाने जमिनीवर बारीक रेघा मारत होत्या, मोजत होत्या. नऊ रेघा झाल्यावर त्यांचे बोट थांबले.

“ताई,” त्या म्हणाल्या, “या गेल्याच नव्हत्या गं.”

ताई तक्ता वाचत होत्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एका रकान्यावर सुईचे टोक टेकवले. ‘जमिनीवर बसून’. हे कोण बसले होते जमिनीवर, त्यांनी विचारले. बाईंनी मान वर केली. तक्ता पाहिला. मग बाकीचे दहा तक्ते मागून घेतले आणि एकेक उलटून पाहिले. दहाही तक्त्यांवर तेच, त्यांच्याच अक्षरात, खाली त्यांचीच सही. मित्रांनो, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ज्या बाईंनी नुसती रेघ मारून कधी वेळ मारून नेली नव्हती, त्यांच्या हातून दहा दिवस खोटे लिहिले गेले होते.

“साहेबांना सांगितलं तर मोजणी काढून घेतील माझ्याकडून.”

“हं,” ताई म्हणाल्या. दोरा दातांनी तोडला.

“गुडघ्यांचं विचारतील. वर्षभर का लपवलं म्हणतील.”

“म्हणतील.”

“आणि नाही सांगितलं तर...” बाई त्या निळ्या फुलाकडे बघत राहिल्या. “नाही सांगितलं तर मोजणी माझ्याकडे राहील आणि या जातील. मग मोजू तरी काय?”

ताईंनी त्यांना काखेत हात घालून उठवले. बाईंनी मला उचलले आणि आम्ही तिघे कार्यालयाकडे निघालो.

साहेब तपासणीच्या खोलीतच भेटले. पाइपांचा पहिला ट्रक कधी येणार ते मामांना सांगत होते. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच, सावकाश, काही न वगळता त्यांनी सगळे सांगितले. गुडघे, मी, तक्त्यातला रकाना, ताईंनी पाहिलेल्या माश्या. मी भिंतीशी उभे होते. साहेबांची नजर माझ्याकडे वळली, तेव्हा मला बादलीखाली लपावेसे वाटले.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरे, असे वाटावे इतके थकून त्यांनी विचारले, “बाई, चूक झाली हे मला समजलं. पण दहा दिवस चूक होत होती, हे मी वर कोणत्या तोंडानं सांगू?”

“तसंच सांगा. बाई उंच बसल्या म्हणून चुकल्या, असंच सांगा.”

साहेबांनी खिडकीतून माळाकडे पाहिले. बराच वेळ टेबलावर बोटे वाजवली. मग म्हणाले, की यंत्र एक दिवस पुढे ढकलतो, चौदाव्या दिवशी येईल. तुमच्याकडे दोन दिवस आहेत. आणि दाराशी गेल्यावर, न वळता, म्हणाले, की पुढच्या वर्षी मोजणी कुणाकडे द्यायची, ते मात्र बघावे लागेल.

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. बाई गोणपाटावर पालथ्या झोपत, डोळे जमिनीपासून वीतभर. ताई माझ्यावर बसत. मचाण म्हणून नाके मुरडली होती, पण लिहायला उजेड चांगला पडतो म्हणाल्या. बाई खालून सांगायच्या, एक भेट, दोन भेटी, आणि ताई वरून लिहायच्या. उंच मंडळींची पाळी आली की दोघी अदलाबदल करायच्या. मधूनच ताई विचारायच्या, की ही माशी मघाचीच आली तर तिची पुन्हा हजेरी मांडायची का? बाई म्हणायच्या, भेट मोजायची, माशी नव्हे. मला मात्र क्षणभर चैन नव्हते. ढग आला की वाटे, माश्या येणारच नाहीत. लांब कुठे इंजिन घरघरले की वाटे, यंत्र आले. बाराव्या दिवशी सकाळी तासभर खरेच एकही माशी आली नाही. बाई तशाच पडून राहिल्या. ताईंनी शून्य लिहिले आणि त्यांना सांगितलेही, की शून्य लिहिले आहे. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, शून्यच लिही.

उन्हे तापली आणि मग त्या येऊ लागल्या.

तेराव्या दिवशी संध्याकाळी बाईंनी बेरीज केली. दोन दिवसांत उंच मंडळींकडे एकशे एकतीस भेटी, बैठ्यांकडे एकशे सहा. उंचांचा मान उंचांकडेच राहिला. लांबून दिसणाऱ्या फुलाकडे अधिक पाहुणे येतात, हे खोटे नव्हतेच. पण दोन्ही दुपारी वारा होता, आणि दुपारचे आकडे निराळे काढले तेव्हा उंचांकडे नऊ भेटी निघाल्या आणि बैठ्यांकडे एकोणतीस. वारा सुटला की वाड्यांकडे जाणारे कीटक खालच्या पट्ट्यावरच तग धरून असत.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “म्हणजे दोन्ही पट्टे हवेत. मग पाइप ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर?”

मामा दारातून हळूच म्हणाले, की साहेबांची गाडी उभी राहते ते फरशीचे आवार चांगले मोठे आहे. साहेबांनी मामांकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि सही केली. पाइप आवारात रचले गेले. गाडी आता बाहेर रस्त्यावर उन्हात असते, आणि तिच्यात बसताना साहेब दर दुपारी काहीतरी पुटपुटतात. पाइप वाहून आणताना ट्रकने वरच्या पट्ट्याचा एक कोपरा तुडवला, तिथली उंच मंडळी काही उठली नाहीत. तेवढे नुकसान झालेच.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर बाई एकट्या बसल्या. त्यांनी जुने दहा तक्ते आणि अकराव्या दिवसाचा अर्धा तक्ता पुढे ओढला. फाडले नाहीत. प्रत्येकावर ‘जमिनीवर बसून’ या शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि लाल शाईने लिहिले, ‘उंच स्टुलावर बसून. बैठ्या फुलांचे आकडे धरू नयेत.’ आणि सही केली. अकरा वेळा. इतक्या वर्षांत कार्यालयाच्या कागदावर माझे नाव कधी आले नव्हते. आले ते असे, चूक म्हणून. मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगते, शेवटची सही झाली तेव्हा अकरा दिवसांत पहिल्यांदा माझे सांधे सैल झाले.

आता पुन्हा हंगाम जवळ आला आहे. मी खोलीतच आहे, खिडकीशी, डोक्यावर बादली नाही. माळाच्या बाजूने वारा आला की गवताचा वास येतो. पुढची मोजणी कुणाकडे, ते साहेबांनी अजून सांगितलेले नाही. बाई रोज विचारत नाहीत, पण रोज साहेबांच्या पावलांकडे कान लावून असतात, आणि त्यांच्याबरोबर मीही. गोणपाट त्यांनी धुऊन वाळवून ठेवले आहे. मोजणी त्यांच्याकडे आली नाही तर ज्याच्याकडे येईल त्याला द्यायचे म्हणून.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बघाल, मोजाल, कुणाबद्दल काही ठरवाल. जे लहान आहे, जमिनीलगत आहे, ते पाहायचे असेल तर खाली उतरा. गुडघे दुखत असतील तर पालथे झोपा, त्यात लाज कसली? आणि कधी उतरता नाहीच आले, तर निदान एवढे करा. जिथून पाहिलेत, त्या जागेचे नाव खरे लिहा. मग ते माझ्यासारख्या जुन्या स्टुलाचे असले तरी.